एपीआयच्या वापराची किर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं बेळगावात बसून लहान धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. उद्यमबागेतली फाउंड्री, खानापूरकडची दूध डेअरी, निपाणीतलं कापडाचं दुकान, एखादी पतपुरवठा सोसायटी, अशी मंडळी आमच्याकडं येतात. गेल्या काही वर्षांत यातल्या बहुतेकांच्या कामात कुठलं ना कुठलं एपीआय शिरलं, आणि महिनाअखेरीला फोनवर तेच ते प्रश्न यायला लागले. म्हणून उत्तरं इथं एकदाच लिहून ठेवली. प्रश्न काही मालकांचे आहेत, काही नव्यानं प्रोग्रामिंग करणाऱ्या पोरांचे.

एपीआयचं बिल नेमकं कशावर लागतं?

तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरकडं काम पाठवतं आणि उत्तर घेऊन येतं, ते ज्या दारातून, ते एपीआय. प्रत्येक फेरीला पैसे. वीज कंपनीचं, म्हणजे हेस्कॉमचं, मीटर युनिट मोजतं, तसं इथंही मीटर असतं, फक्त प्रत्येकाचं युनिट वेगळं. एसएमएसवाला संदेशाचे भाग मोजतो, व्हॉट्सॲप संदेश मोजतं, भाषांतरवाला अक्षरं मोजतो, नकाशावाला विनंत्या मोजतो आणि एआयवाला टोकन, म्हणजे मजकुराचे तुकडे, मोजतो. एकाच धंद्यात ही पाचही मीटरं एकाच वेळी फिरत असतात, खरी गडबड तिथंच होते.

कंपनीच्या डॅशबोर्डवर सगळं दिसतंय की. मग वेगळी नोंद कशाला?

डॅशबोर्ड सांगतो, किती गेले. कशासाठी गेले ते सांगत नाही. ‘या महिन्यात ६,२०० रुपये’ एवढं कळून मालकाला काय करता येतं? त्यातले किती गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना लागले, किती कोटेशन तयार करायला, आणि किती आमच्याच पोरांनी चाचणी करताना उडवले, हे वेगळं दिसलं तरच काही ठरवता येतं.

जुन्या पेढ्यांवर रोजकिर्द आणि खतावणी असायची. किर्दीत घडेल तशी नोंद, खतावणीत खात्यावार मांडणी. आमचा आग्रह तेवढाच आहे: एपीआयची प्रत्येक फेरी आपल्या किर्दीत आपण लिहायची. कंपनीचं बिल हे बँकेच्या पासबुकासारखं, ताळा जुळवायला.

किर्दीत काय काय लिहायचं?

तारीख-वेळ, कुठल्या गिऱ्हाइकासाठी, कुठल्या कामासाठी, कुठलं एआय मॉडेल किंवा सेवा, किती टोकन आत गेले, किती बाहेर आले, त्यातले कॅशमधून (कंपनीनं आधीच तयार ठेवलेल्या मजकुरातून) किती, फेरी यशस्वी झाली का, कितव्या प्रयत्नात झाली, आणि कंपनीनं दिलेला विनंतीचा क्रमांक. पुढं वाद झाला तर हा क्रमांकच कामाला येतो. शेवटी त्या दिवसाच्या दरानं निघणारी रक्कम.

यातला ‘कुठल्या कामासाठी’ हा रकाना पोरं हमखास गाळतात. प्रत्येक फेरी एकाच फंक्शनमधून जाते, तिथं कामाचं नाव पोचतच नाही. सुरुवातीलाच हे नाव सक्तीचं करा. नाव नाही तर फेरी नाही. नंतर घालायला गेलात तर पन्नास ठिकाणी कोड उघडावा लागतो. आम्ही उघडलाय.

आणखी एक गळतीची जागा म्हणजे स्ट्रीमिंग. उत्तर शब्द-शब्द पडद्यावर उमटतं, तेव्हा वापराचा पूर्ण आकडा शेवटच्या तुकड्यात येतो. ओपनएआयच्या (चॅटजीपीटीवाल्या कंपनीच्या) चॅट एपीआयमध्ये तर तो आकडा पाहिजे म्हणून वेगळं सांगावं लागतं. गिऱ्हाइकानं मधेच खिडकी बंद केली तर किर्दीत शून्य पडतं आणि बिलात मात्र पैसे लागतात. अशा फेऱ्यांना ‘अर्धवट’ अशी खूण करून अंदाजे आकडा टाका. रिकामी सोडू नका.

मराठी-कन्नडला इंग्रजीपेक्षा जास्त पैसे पडतात, हे खरं काय?

बऱ्याचदा खरं. टोकन म्हणजे अक्षर नव्हे आणि शब्दही नव्हे. मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडतं, तो एक तुकडा म्हणजे टोकन. इंग्रजीचा नेहमीचा शब्द बहुतेक वेळा एकाच तुकड्यात बसतो. आपल्या शब्दाचे तीन-चार होऊ शकतात. कॉम्प्युटरच्या साठवणीतही देवनागरी आणि कन्नड लिपीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, साधं इंग्रजी अक्षर १.

पण हे कायमचं नाही. ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणलं, तेव्हा तुकडे पाडायची पद्धत बदलली. त्यांनीच दिलेल्या उदाहरणात एका मराठी मजकुराचे ९६ टोकन होते, ते ३३ वर आले. त्याच मजकुराच्या इंग्रजी रूपाचे २७ चे २४ झाले. म्हणजे तिपटीहून जास्त असलेला फरक दीडपटीच्या आत आला.

यावरून आम्ही एक गोष्ट शिकलो: दोन मॉडेलांची तुलना नुसत्या टोकनच्या दरावर करायची नाही. एकाचा दर कमी, पण तो मराठीचे दुप्पट तुकडे पाडत असेल तर स्वस्ताई कागदावरच. आपले खरे पन्नास संदेश घ्या, मराठीतले, कन्नडमधले आणि आपल्याकडं लोक लिहितात तसले इंग्रजी अक्षरांतले मराठीही. ते दोन्ही मॉडेलांच्या टोकन-मोजणीतून काढा आणि एका कामाला किती रुपये पडतात ते बघा. अँथ्रॉपिकच्या क्लॉड आणि गुगलच्या जेमिनी या मॉडेलांच्या एपीआयमध्ये नुसतं मोजण्याची सोय आहे. ओपनएआयसाठी टिकटोकन नावाची खुली लायब्ररी मिळते.

एका उत्तराला किती पैसे पडतात, ते काढून दाखवा.

दर धरून चाललेले आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा १० लाख टोकन आत पाठवायला ३ डॉलर आणि तेवढेच बाहेर यायला १५ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरा. सोसायटीच्या बॉटला (सभासदांना आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामला) आपण नियम, व्याजदर, कामाच्या वेळा असं २,००० टोकनचं टिपण प्रत्येक वेळी देतो. सभासदाचा प्रश्न १०० टोकनचा, उत्तर ३०० टोकनचं.

आत गेले २,१००, त्याचे ०.००६३ डॉलर. बाहेर आले ३००, त्याचे ०.००४५ डॉलर. एकूण ०.०१०८ डॉलर, म्हणजे ९२ पैसे. दिवसाला २०० प्रश्न आले तर महिन्याचे साधारण ५,५०० रुपये.

आता या ९२ पैशांत सभासदाच्या प्रश्नाचा वाटा अडीच पैसे आहे. निम्म्याहून जास्त पैसे आपल्याच त्या टिपणाचे आहेत. मालक लोक म्हणतात, ‘लोक फार लांबलचक प्रश्न विचारतात.’ लोकांचा काही दोष नाही हो, आपलंच टिपण लांबलं.

काही मॉडेलं उत्तर देण्याआधी मनात विचार करतात. ते विचाराचे टोकनसुद्धा बाहेर आलेल्यांत धरले जातात, पडद्यावर दिसोत न दिसोत. उत्तर दोन ओळींचं आणि बाहेरचे टोकन २,००० दिसले, तर तिथं बघा.

गिऱ्हाइकं तेवढीच, तरी बिल वाढलं. असं का?

बहुतेक वेळा संभाषणं लांबलेली असतात. चॅटमध्ये प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर मागचं सगळं बोलणं पुन्हा पाठवावं लागतं. वरच्याच हिशेबात एका बैठकीत १० प्रश्न झाले तर आत जाणारे टोकन २१,००० नव्हे, ३९,००० होतात. २० प्रश्नांना १,१८,०००. प्रश्न दुप्पट, टोकन तिप्पट.

आमच्यावर हे एकदा चांगलंच शेकलंय. एका फाउंड्रीसाठी चौकशीच्या ईमेलना आपोआप उत्तर देणारी सोय केली होती. शुक्रवारी रात्री एका खरेदीदाराकडून ‘मी सुट्टीवर आहे’ असं आपोआप आलेलं उत्तर आलं. आमच्या सोयीनं त्याला नम्रपणे उत्तर दिलं. त्यावर त्याच्या मेलनं पुन्हा सांगितलं, मी सुट्टीवर आहे. आमचा पुन्हा नमस्कार. दोन यंत्रं रात्रभर एकमेकांची विचारपूस करत राहिली, आणि प्रत्येक फेरीला मागचा सगळा पत्रव्यवहार बरोबर जात होता. चूक आमचीच. आपोआप आलेल्या मेलच्या मथळ्यात तशी खूण असते, ती आम्ही तपासली नव्हती. सकाळी डॅशबोर्डनं ‘वापर वाढलाय’ एवढंच सांगितलं. किर्दीत एकाच पत्त्याच्या ओळीखाली ओळी बघून पाच मिनिटांत उलगडा झाला.

तेव्हापासून एका संभाषणाला फेऱ्यांची मर्यादा, आणि जुनं बोलणं ठरावीक लांबीपलीकडं गेलं की त्याचा चार ओळींत गोषवारा.

दुसरं कारण म्हणजे पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न. नेट अडकलं, आपल्या प्रोग्रामनं वाट बघणं सोडलं आणि परत पाठवलं. पण पलीकडं पहिलं काम पूर्ण होऊन त्याचेही पैसे लागलेले असू शकतात. म्हणून ‘कितव्या प्रयत्नात’ हा रकाना.

कॅशिंग लावलं की खर्च निम्मा होतो म्हणतात?

कोणाचा होतो, ते बघावं लागतं. तेच ते टिपण दरवेळी जात असेल तर कंपनी ते थोडा वेळ तयार ठेवते आणि त्यावर कमी दर लावते. क्लॉडमध्ये कॅशमधून वाचलेल्या टोकनला मूळ दराचा दहावा हिस्सा लागतो. वरच्या उदाहरणात ९२ पैशांचे ४६ पैसे होतात, बरोबर निम्मे.

पण कॅशमध्ये पहिल्यांदा लिहिताना सव्वापट दर आहे, आणि साधी कॅश ५ मिनिटं टिकते. वापर होत राहिला तर मुदत पुढं सरकते. आता विचार करा. सकाळी दहा ते बारा सोसायटीत झुंबड, तेव्हा फायदा. दुपारी अर्ध्या तासाला एक प्रश्न येत असेल, तर प्रत्येक वेळी नव्यानं लिहिणं, म्हणजे उलट सव्वापट. लहान गावातल्या धंद्याला कॅशिंग सरसकट लावू नये असं आमचं मत झालंय. किर्दीत तासावार प्रश्न मोजा, मग ठरवा.

लगेच उत्तर नको असेल तर?

बॅच वापरा, म्हणजे पुष्कळ कामं एकदम पाठवायची आणि उत्तरं सवडीनं घ्यायची. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोघंही २४ तासांच्या मुदतीच्या बॅचला निम्मा दर लावतात. महिन्याच्या तक्रारींची वर्गवारी, जुन्या बिलांतली नावं काढणं, मालाची वर्णनं लिहिणं, ही सगळी रात्रीची कामं.

एसएमएस १,००० पाठवले आणि बिल ३,००० संदेशांचं. फसवलं काय?

नाही, मराठीत पाठवलेत. एसएमएसचा एक भाग साध्या इंग्रजी अक्षरांत १६० चा असतो, देवनागरी किंवा कन्नडमध्ये ७० चा. त्याहून लांब झाला की जोडणीसाठी जागा जाते आणि प्रत्येक भागात अनुक्रमे १५३ आणि ६७ अक्षरंच बसतात. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजलं जातं. हप्त्याची आठवण देणारा १४० अक्षरांचा मराठी संदेश म्हणजे तीन भाग. इंग्रजीत तेवढ्याच लांबीचा एक भाग.

आपल्याकडं सभासद मराठीही आहेत आणि कन्नडही. सोसायटी एकाच संदेशात दोन्ही भाषा घालते, मग पाच-सहा भाग होतात. प्रत्येकाची भाषा एकदा विचारून नोंदवा आणि त्या भाषेतच पाठवा. माणसालाही बरं वाटतं.

आणि एक बारीक खोच: इंग्रजी संदेशात नुसतं ‘₹’ हे चिन्ह आलं तरी पूर्ण संदेश ७० च्या मापात जातो, कारण ते चिन्ह एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. रुपयासाठी इंग्रजी अक्षरांतला ‘आरएस’ लिहा. टेम्प्लेट (संदेशाचा ठरलेला नमुना) डीएलटीवर, म्हणजे एसएमएसचे नमुने मंजूर होतात त्या नोंदणीवर, नोंदवायच्या आधीच हे बघा, नंतर बदल म्हणजे परत मंजुरी.

व्हॉट्सॲपचं मोजमाप बदललं म्हणतात, ते काय?

१ जुलै २०२५ पासून बिझनेस एपीआयवर संभाषणाऐवजी टेम्प्लेट संदेशामागं पैसे लागतात. जाहिरातीचा, उपयोगाचा (पावती, आठवण अशा कामाचा) आणि ओटीपीचा असे वेगवेगळे प्रकार आणि दर आहेत. गिऱ्हाइकानं आधी संदेश केला तर पुढचे २४ तास साधं उत्तर फुकट, आणि त्या वेळात पाठवलेला उपयोगाचा टेम्प्लेटही फुकट. जाहिरातीचा मात्र नाही. जुन्या महिन्यांशी तुलना करताना ही तारीख तक्त्यावर रेघ मारून दाखवा, नाहीतर खर्च का बदलला म्हणून उगाच डोकं खाजवत बसाल.

भाषांतराच्या एपीआयचं बिल अंदाजाच्या बाहेर कसं गेलं?

गुगलच्या भाषांतरसेवेत अक्षरामागं पैसे, म्हणजे युनिकोडच्या चिन्हामागं. ‘बेळगाव’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, तिथं सहा मोजली जातात. मोकळ्या जागाही धरतात. साध्या भाषांतराला दर महिन्याला पहिली ५ लाख अक्षरं फुकट, पुढं १० लाखांना २० डॉलर.

कापडदुकानाचं उदाहरण घ्या. १,००० वस्तू, प्रत्येकीचं वर्णन ३०० अक्षरांचं, एकूण ३ लाख. कन्नडमध्ये एकदा केलं तर फुकटात बसतं. पण पोरानं ते पान उघडताना दरवेळी भाषांतर होईल असं लिहिलेलं असतं. दोनदा सगळा माल बघितला गेला की फुकटची मर्यादा संपली. एकदा झालेलं भाषांतर साठवून ठेवा. शिवाय कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा वाचून घ्या. काठपदराच्या साडीचं यंत्र काय करील सांगता येत नाही.

आमच्या नोंदीतला दिवस आणि कंपनीचा दिवस जुळत नाही.

पुष्कळ डॅशबोर्ड यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. डेअरीत दूध घालायला लोक पाचला येतात. साडेपाचच्या आधीच्या पावत्या तिकडं आदल्या दिवसात जातात. रोजचा फरक किरकोळ, पण ३१ मार्चला हिशेब बंद करताना पहाटेचे ते काही तास आडवे येतात. किर्दीत वेळ यूटीसीतच साठवा आणि दाखवताना आपल्या वेळेत दाखवा. ताळा जुळवताना मात्र त्यांच्या दिवसानं मोजा.

दर बदलले तर जुन्या नोंदींचं काय?

जुन्या नोंदींना हात लावायचा नाही. दरांचा वेगळा तक्ता ठेवा: कुठल्या तारखेपासून कुठला दर. प्रत्येक फेरीची रक्कम त्या दिवसाच्या दरानं काढून गोठवा. आजच्या दरानं मागचं वर्ष मोजायला गेलात तर आलेख चुकीचा सांगणार. डॉलर आणि रुपये असे दोन रकाने ठेवा, म्हणजे वापर वाढला की रुपया घसरला हे वेगळं कळेल.

काल आणि आज यांची तुलना करून काही कळतं का?

फारसं नाही. बाजारवाराची तुलना मागच्या बाजारवाराशी करा, महिनाअखेरीची मागच्या महिनाअखेरीशी. गणपतीच्या आधीचा आठवडा तर कशाशीच जुळत नाही. आम्ही दर सोमवारी दोनच गोष्टी बघतो: एका कामाला सरासरी किती रुपये पडले, आणि आठवड्यातल्या सगळ्यात महागड्या दहा फेऱ्या कुठल्या. त्या दहा ओळी वाचायला चहा निवेपर्यंतचा वेळ लागतो, आणि आमच्या निम्म्या चुका तिथंच सापडल्या.

बजेटचा इशारा लावलाय. आता निर्धास्त ना?

इशारा म्हणजे घंटी, मेन स्विच नव्हे. गुगल क्लाउडमध्ये बजेट ओलांडलं की ईमेल येतो. सेवा आपोआप थांबत नाही. थांबवायचं तर तशी वेगळी जोडणी करावी लागते, किंवा सेवेचा रोजचा कोटा खाली आणावा लागतो. काही ठिकाणी आधी पैसे भरून तेवढेच वापरायची सोय असते. तिथं आपोआप भरणा बंद ठेवला की तीच मर्यादा. आमच्या प्रोग्राममध्ये आम्ही गिऱ्हाइकवार रोजचा आकडा ठेवतो. तो ओलांडला की बॉट म्हणतो, ‘कार्यालयात फोन करा.’

कार्डावरून पैसे जात नाहीत, सेवा बंद पडली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५,००० रुपयांवर गेली की दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून वाढवली. बिल १४,००० च्या आसपास फिरतंय तोवर कुणाला कळत नाही. सणाच्या महिन्यात ते वर जातं आणि भरणा अडकतो. किर्दीत १२,००० ला खूण ठेवा. बँक परकी चलनावर जे जास्तीचं घेते तेही खर्चातच धरा.

जीएसटी?

परदेशी कंपनीकडून सेवा घेतली आणि तुमची नोंदणी असेल, तर साधारणपणे १८ टक्के आयजीएसटी उलट आकारणीनं तुम्हीच भरायचा आणि पात्र असल्यास क्रेडिट घ्यायचं. बिल भारतातल्या शाखेकडून येत असेल तर चित्र वेगळं. सीमेवर आणखी एक घोळ होतो: ज्यांचं एक दुकान बेळगावात आणि दुसरं चंदगडला, त्यांच्याकडं २९ नं सुरू होणारा कर्नाटकचा आणि २७ चा महाराष्ट्राचा, असे दोन क्रमांक असतात. खात्यात कुठला टाकलाय ते आधी बघा. पुढचं तुमच्या सीएला विचारा, आम्ही संगणकवाले.

सगळ्यांना एपीआयची एकच की (किल्लीसारखा गुप्त संकेत) दिली तर चालतं?

चालतं, आणि मग काहीच कळत नाही. गिऱ्हाइकवार वेगळी की, चाचणीची वेगळी. मोबाइल ॲपमध्ये की घालू नका, ॲप उघडून ती काढणं अवघड नसतं. आपल्या सर्व्हरवर ठेवा.

गिऱ्हाइकाकडून एपीआयचे पैसे कसे घ्यायचे?

सुरुवातीला आम्ही महिन्याला ठोक रक्कम घ्यायचो आणि दिवाळीच्या महिन्यात खिशातून भरायचो. आता तीन महिन्यांची किर्द दाखवतो, एका कामाला पडलेली सरासरी सांगतो, त्यावर आमचं ठरलेलं घेतो आणि ठरावीक कामांच्या पुढं कामामागं दर. फाउंड्रीवाल्यांना हे लगेच पटतं; त्यांच्याकडं कास्टिंगचा भाव किलोवरच चालतो. दुकानदार घासाघीस करतात, पण ओळी समोर असल्या की भांडण होत नाही.

यासाठी मोठं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

दिवसाला हजारभर फेऱ्या असतील तर साधा डेटाबेसचा एक तक्ता आणि महिन्याला एक स्प्रेडशीट पुरते. ताळा शंभर टक्के जुळणार नाही. फरक एक-दोन टक्के असेल तर आम्ही सोडतो. पाचच्या वर गेला की शोधतो.

या नोंदी किती दिवस ठेवायच्या? सभासदांची माहिती असते ना त्यात?

नसावी. किर्दीत आकडे ठेवा, मजकूर नको. सभासदाचं नाव, फोन, आधार क्रमांक यांची तिथं गरजच नाही. आतला एखादा क्रमांक पुरतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच. चूक शोधायला मजकूर लागतो म्हणून आम्ही तो वेगळ्या जागी ७ दिवस ठेवतो आणि पुसतो. आकड्यांची किर्द मात्र हिशेबाच्या वह्यांबरोबर राहते.